न दिसणाऱ्या डिस्कचा इतिहास

संगणक सुरू करावा, पडद्यावर लिनक्सचीं अक्षरें भराभर उमटावींत, आणि ज्या हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांचा संग्रह ठेवला ती मात्र यादींत कोठेंच नसावी, हा प्रसंग अलीकडे पुष्कळांवर येऊं लागला आहे. त्याचें एक कारण उघड आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाहीं असे जुने, पण अद्यापि धडधाकट संगणक घराघरांतून, शाळांतून आणि दुकानांतून आहेत. ते भंगारांत घालण्यापेक्षां त्यांच्यावर लिनक्स घालावें, हा विचार काटकसरीचा आणि शहाणपणाचा आहे. परंतु हें काम हातीं घेतलें कीं पहिल्याच पायरीवर ठेंच लागते ती पुष्कळदां ही: यंत्र म्हणतें, डिस्क सांपडत नाहीं.

अशा वेळीं माणसाचें मन एकदम टोंकाला जातें. डिस्क जळाली, सारें गेलें, असें तो समजतो; किंवा कोणीतरी सांगतो, 'फॉरमॅट करून पाहा,' आणि तो तसें करून मोकळा होतो. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षां वाईट. डिस्कवर असतें काय, याचा क्षणभर विचार करा. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, पांढरकवडा अशा गांवांतल्या एखाद्या साध्या संगणकावर पतसंस्थेचे जुने हिशेब असतात, शिक्षकानें दहा वर्षें जमविलेल्या प्रश्नपत्रिका असतात, वडिलांच्या हयातींतलीं छायाचित्रें असतात, शेताच्या वाटणीच्या कागदांच्या प्रती असतात. मूळ कागदाला कसर लागली तर ती प्रतच काय ती उरते. म्हणून डिस्क न दिसणें हा केवळ कारागिराचा प्रश्न नाहीं. घरच्या आणि गांवच्या स्मृतीचा तो प्रश्न आहे.

आज सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं 'दिसत नाहीं' आणि 'नाहीं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व त्या दोहोंमधलें अंतर कसें पडलें हें डिस्कच्या इतिहासावरून समजतें. डिस्क दिसणें ही एकच क्रिया नव्हे. विजेनें डिस्क जागी व्हावी. तारेवाटे तिनें आपलें नांव सांगावें. यंत्राच्या मूळ व्यवस्थेनें, म्हणजे बायॉसनें, तें ऐकावें. लिनक्सच्या गाभ्यानें तिच्याशीं बोलणारा ड्रायव्हर पुढें करावा. तिच्यावरील विभागांचा नकाशा वाचला जावा. आणि शेवटीं त्या विभागांतली लेखनपद्धति ओळखून तो विभाग आपल्यापुढें उघडावा, अशी ही ओळखींची सांखळी आहे. यांतील प्रत्येक कडी निराळ्या काळीं, निराळ्या अडचणींतून घडली. सांखळी कोणत्या कडीशीं तुटली हें कळलें, कीं निम्मा उपाय झाला.

याला आपल्याच भागांतील एक दृष्टांत देतां येईल. महानुभाव पंथाच्या पोथ्या शतकानुशतकें मठांतून सुरक्षित होत्या. कागद होता, शाई होती, अक्षरें ठसठशीत होतीं. परंतु तीं सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलेलीं असल्यामुळें पंथाबाहेरील अभ्यासकाला त्यांतली एक ओळहि लागत नसे. मराठीचें एवढें मोठें प्राचीन गद्य डोळ्यांपुढें असून नसल्यासारखें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीची किल्ली शोधून काढली, आणि पुढें यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांनीं या वाङ्मयाचा कसून अभ्यास करून १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. यवतमाळच्या शारदाश्रमाचें नांव या संशोधनाशीं जोडलें गेलें तें यामुळेंच. आतां अशी कल्पना करा, कीं लिपी लागत नाहीं म्हणून तीं पानें निरुपयोगी समजून कोणीं धुवून काढलीं असतीं, तर? न दिसणारी डिस्क घाईनें फॉरमॅट करणारा मनुष्य नेमकें हेंच करीत असतो.

आतां मूळ इतिहासाकडे वळूं. हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें रॅमॅक नांवाच्या यंत्राबरोबर जी पहिली डिस्क दिली तिच्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आजच्या मोबाइलवर काढलेल्या एक-दोन छायाचित्रांनींच एवढी जागा भरून जाईल. त्या काळीं डिस्क न दिसण्याचा प्रश्न फारसा नव्हता. यंत्र आणि डिस्क एकाच कारखान्यांतून एकमेकांसाठींच घडून येत. ओळखीचा प्रश्न उत्पन्न झाला तो यंत्र एकाचें आणि डिस्क दुसऱ्याची, असें होऊं लागल्यावर.

१९८३ सालीं आय.बी.एम.च्या एक्स.टी. या छोट्या संगणकांत १० मेगाबाइटची डिस्क आली, आणि १९८४ च्या ए.टी. या संगणकांत २० मेगाबाइटची. या ए.टी. यंत्राची एक गंमत होती. डिस्क आपलें नांव आपण होऊन सांगत नसे. तिच्यांत वाचणारीं डोकीं किती, वर्तुळें किती, हें माणसानेंच ठराविक यादींतला एक क्रमांक देऊन यंत्राला सांगावयाचें, आणि यंत्रानें तें एका लहानशा बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत टिपून ठेवावयाचें. बॅटरी संपली कीं यंत्र आपल्या पोटांतली डिस्कच विसरून जाई. डिस्क जागेवर, तिच्यावरचा मजकूर जागेवर, फक्त ओळख गेलेली! ही जुनी खोड अजून पुरती गेलेली नाहीं. आजच्या डिस्का आपलें नांव स्वतः सांगतात हें खरें. परंतु त्यांच्याशीं कोणत्या पद्धतीनें बोलावयाचें ही निवड पुष्कळ संगणकांत अद्यापि तशाच रुपयाएवढ्या बॅटरीच्या आधारानें जपली जाते. उन्हाळ्याच्या सुटींत शाळेचा संगणक दीड-दोन महिने बंद राहिला, आणि जूनमध्यें सुरू करतांच घड्याळ मागें गेलेलें व डिस्क बेपत्ता, असें आढळलें तर प्रथम ती बॅटरी पाहावी. नवी बॅटरी थोड्या पैशांत मिळते.

ए.टी.नंतर दोन-तीन वर्षांतच कंपाक, वेस्टर्न डिजिटल इत्यादि कंपन्यांच्या प्रयत्नानें डिस्कचें नियंत्रण करणारें मंडल डिस्कच्याच अंगावर बसविण्यांत आलें. ही आय.डी.ई. पद्धति, १९९४ सालीं तिला ए.टी.ए. या नांवानें अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. आतां यंत्रानें 'तूं कोण?' असें विचारावें, आणि डिस्कनें आपलें नांव, अनुक्रमांक व आकार सांगावा, अशी सोय झाली. परंतु एका पट्टीसारख्या रुंद तारेवर दोन डिस्का बसत, आणि त्यांतली पहिली कोणती व दुसरी कोणती हें जंपर नांवाच्या इवल्याशा टोपणानें ठरवावें लागे. दोघींचींहि टोपणें 'पहिली' या जागीं बसलीं, कीं उत्तरांचा गोंधळ होऊन पुष्कळदां दोघीहि दिसेनाशा होत.

दुसरें संकट मोजमापाचें होतें. बायॉसची मोजणी आणि डिस्कची मोजणी यांचा मेळ घातला असतां १०२४ वर्तुळें, १६ डोकीं आणि ६३ खंड एवढेच पत्ते शिल्लक राहत. दर खंडास ५१२ बाइट धरले तर ५२,८४,८२,३०४ बाइटांच्या पलीकडे त्या काळच्या यंत्राला कांहीं दिसत नसे. ही भिंत ओलांडली तेव्हां पुढची भिंत १३७ अब्ज बाइटांवर उभी राहिली, कारण पत्ता लिहावयास २८ द्विमान अंकांचीच जागा होती. २००२ च्या सुमारास ४८ अंकांचा पत्ता आला आणि तीहि पडली. विभागांच्या जुन्या नकाशाला एम.बी.आर. म्हणतात. तो सुमारें २.२ लाख कोटि बाइटांपाशीं थांबतो. म्हणून चार टेराबाइटची नवी डिस्क जुन्या नकाशानें वापरली, तर जवळजवळ अर्धी दिसते आणि अर्धी दिसत नाहीं. ती डिस्क खराब नसते. पत्ता लिहिण्याची जागा अपुरी असते. डिस्क कोरी असल्यास तिच्यावर जी.पी.टी. हा नवा नकाशा मांडावा, म्हणजे ती पुरी दिसते.

याच काळांत लिनक्सचा जन्म झाला. हेलसिंकी विद्यापीठांतला लिनस टोर्वाल्ड्स हा विद्यार्थी १९९१ सालीं आपल्या घरच्या संगणकासाठीं एक प्रणाली लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें ती इतर अभ्यासकांना जाहीर केली तेव्हां स्पष्टच सांगितलें होतें, कीं ए.टी. पद्धतीच्या डिस्कशिवाय दुसरी कोणतीहि डिस्क हिला बहुधा कधींच चालणार नाहीं, कारण आपल्यापाशीं तेवढीच आहे. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत चालणाऱ्या प्रणालीचा आरंभ झाला तो अशी एकाच जातीच्या डिस्कची ओळख घेऊन. बाकीच्या डिस्का तिला दिसूं लागल्या त्या, ठिकठिकाणच्या लोकांनीं आपापल्या यंत्राची ओळख लिहून तिला देऊं केल्यामुळें. लिनक्समधला ड्रायव्हर म्हणजे दुसरें कांहीं नसून अशी लिहून ठेवलेली ओळख होय. जिची ओळख कोणीं लिहिलीच नाहीं, ती डिस्क कितीहि उत्तम असली तरी लिनक्सच्या लेखीं ती नसते.

त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेली एक गोष्ट टोर्वाल्ड्स यांनीं पुढें आपल्या आत्मकथनांत सांगितली आहे. लिनक्समध्यें प्रत्येक उपकरणाला फाइलसारखें एक नांव असतें. विद्यापीठाचा टेलिफोन लावण्याची जी आज्ञा मोडेमला द्यावयाची होती ती त्यांच्या हातून चुकीच्या नांवानें डिस्कलाच दिली गेली. यंत्रानें ती निमूटपणें डिस्कवर लिहून टाकली, आणि ज्या मिनिक्स प्रणालीच्या आधारानें ते काम करीत होते तिचाच विभाग बिघडला. तेव्हां मिनिक्स पुन्हां न घालतां लिनक्सलाच सर्व भार सोसण्याइतकें समर्थ करावयाचें त्यांनीं ठरविलें. गोष्ट विनोदी वाटली तरी तिच्यांतला इशारा गंभीर आहे. लिनक्स सांगितलेला हुकूम पाळतें. नांव चुकलें तर तो दुसऱ्याच डिस्कवर पाळतें. म्हणून हरवलेली डिस्क शोधतांना लिहिणारी कोणतीहि आज्ञा आधीं देऊं नये. आधीं केवळ पाहणाऱ्या आज्ञा द्याव्या.

अशा पाहणाऱ्या आज्ञा मुख्यतः तीन आहेत. 'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा लिनक्सला दिसणाऱ्या सर्व डिस्का व त्यांचे विभाग यांची यादी देते. 'एल-एस-पी-सी-आय' ही यंत्रांत कोणकोणतीं नियंत्रक मंडलें आहेत तें दाखविते. तिसरी 'डीमेसेज'. लिनक्सच्या गाभ्यानें सुरू झाल्यापासून काय पाहिलें, कोणाला हांक मारली, कोणीं उत्तर दिलें नाहीं, याची ती रोजनिशीच होय. डॉक्टर जसा औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो, तशी ही रोजनिशी प्रथम वाचावी. दोषाचें नांव पुष्कळदां तिच्यांत स्वच्छ लिहिलेलें असतें, फक्त तें कोणी वाचीत नाहीं.

२००३ सालीं साटा या नव्या पद्धतीचें मानक आलें. रुंद पट्टी जाऊन प्रत्येक डिस्कला स्वतंत्र बारीक तार मिळाली, आणि पहिली-दुसरीचें भांडण मिटलें. त्याच वर्षीं जेफ गार्झिक यांनीं लिनक्ससाठीं लिबाटा नांवाची नवी बैठक घातली. तिचा परिणाम नांवांवर झाला. आय.डी.ई. डिस्क पूर्वीं 'एच-डी-ए' या नांवानें दिसे. नव्या बैठकींत ती 'एस-डी-ए' झाली. २००७ च्या सुमारास हा बदल ठिकठिकाणीं पोहोंचला, तेव्हां जुन्या टिपणांत पाहून 'एच-डी-ए' शोधणाऱ्यांना आपली डिस्क नाहींशी झाली असें वाटलें. नाहींसें झालें होतें तें केवळ नांव. जुनी आय.डी.ई. बैठक तर २०२१ सालीं लिनक्सच्या ५.१४ व्या आवृत्तींत काढूनच टाकण्यांत आली. शिवाय 'एस-डी-ए', 'एस-डी-बी' हीं नांवें हजेरीच्या क्रमानें मिळतात. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलें तर काल 'ए' असलेली डिस्क आज 'बी' होऊं शकते. म्हणून प्रत्येक विभागाला यू.यू.आय.डी. नांवाची जी कायमची खूण असते तिनेंच त्याला ओळखावें, व यंत्र सुरू होतांना वाचल्या जाणाऱ्या 'एफ-एस-टॅब' या फाइलींत तीच लिहावी.

साटानें तारेचा प्रश्न सोपा केला, तरी विजेचा केला नाहीं. जेथें वीज वरचेवर जाते-येते तेथें संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा हळूहळू अशक्त होतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, परंतु डिस्कच्या तबकड्यांना वेग घेण्यापुरता जोर मिळत नाहीं. हात लावून किंवा कान देऊन डिस्क फिरते कीं नाहीं हें समजतें. निराळी विजेची खोबण आणि निराळी तार लावून पाहणें हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच पुष्कळदां विसरला जातो. २०१६ च्या साटा ३.३ मानकानें येथें एक चमत्कारिक भर घातली. विजेच्या खोबणींतल्या तिसऱ्या टोंकाला वीज दिली असतां डिस्कनें झोंपून राहावें, अशी सोय त्यांत केली गेली. जुने वीजपुरवठे त्या टोंकाला सदैव ३.३ व्होल्ट देत असतात. त्यामुळें कांहीं नव्या डिस्का, विशेषतः बाहेरच्या पेटींतून काढून आंत बसविलेल्या, जुन्या संगणकांत फिरतच नाहींत. त्या मेलेल्या नसतात; झोंपून राहा असा त्यांना सारखा हुकूम होत असतो. यू.एस.बी.वर लावावयाच्या डिस्कची गोष्टहि अशीच. संगणकाच्या समोरच्या खोबणींतून पुरेशी वीज मिळत नसेल, किंवा हातीं आलेली तार केवळ मोबाइल भरण्याच्या कामाची असेल, तर डिस्क दिसणार नाहीं.

आतां शेवटची मोठी क्रांति. ती समजण्यास यवतमाळकरांना परका दृष्टांत नको. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला' ही आगगाडी अजून पुष्कळांच्या स्मरणांत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालीं तो मार्ग झाला, आणि १९९४ पर्यंत त्यावर वाफेचें इंजिन धांवत होतें. त्या रुळांमधलें अंतर अडीच फूट. मूर्तिजापुरास मिळणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचें साडेपांच फूट. वऱ्हाडांतला कापूस मुंबईस जावयाचा तर मूर्तिजापुरास गासड्या उतरवून दुसऱ्या गाडींत चढवाव्या लागत. दोन्ही मार्ग शेजारीं शेजारीं, तरी अरुंद मार्गाचा डबा रुंद मार्गावर एक इंचहि पुढें जात नसे. आज शकुंतला बंद आहे. परंतु नेमका हाच प्रकार आजच्या संगणकांत पाहावयास मिळतो.

२०११ सालीं एन.व्ही.एम.ई. हें नवें मानक आलें. फिरणाऱ्या तबकडीसाठीं घातलेला जुना मार्ग चिपांवर चालणाऱ्या एस.एस.डी.ला अरुंद पडूं लागला होता, म्हणून तिला यंत्राच्या मुख्य मार्गावरच आणून बसविलें. मॅथ्यू विल्कॉक्स यांनीं लिहिलेला तिचा ड्रायव्हर २०१२ सालीं लिनक्सच्या ३.३ व्या आवृत्तींत आला. अडचण अशी, कीं एम.२ नांवाच्या एकाच आकाराच्या खोबणींत साटाच्या चालीची डिस्कहि बसते आणि एन.व्ही.एम.ई.च्या चालीचीहि. कांहीं खोबणींना दोन्ही चाली समजतात, कांहींना एकच. डिस्क नीट बसते, स्क्रूहि बसतो, आणि तरी ती दिसत नाहीं, याचें कारण मार्गांची रुंदी जुळत नाहीं. कांहीं मदरबोर्डांवर तर एम.२ खोबण वापरली कीं साटाच्या एक-दोन जागा आपोआप बंद होतात, व नवी डिस्क बसवितांच जुनी नाहींशी होते. खरेदीपूर्वीं त्या बोर्डाची पुस्तिका पाहिली तर ही फसगत टळते.

याच कडीपाशीं आणखी एक अडथळा आहे, आणि लिनक्स घालतांना डिस्क न सांपडण्याचें तें एक फार प्रचलित कारण होय. पुष्कळ लॅपटॉप कारखान्यांतून येतात तेव्हां त्यांच्या बायॉसमध्यें डिस्कचें नियंत्रण 'रेड' किंवा 'आर.एस.टी.' या पद्धतीवर ठेवलेलें असतें. कांहीं इंटेल यंत्रांत या पद्धतीनें एन.व्ही.एम.ई. डिस्क साटाच्या नियंत्रकाच्या पडद्याआड झांकली जाते. लिनक्सचा गाभा अशा वेळीं आपल्या रोजनिशींत स्पष्ट लिहितो, कीं एक डिस्क पडद्याआड आहे, बायॉसमध्यें 'रेड'च्या जागीं 'ए.एच.सी.आय.' करा. तसें केलें कीं डिस्क समोर येते. मात्र त्याच डिस्कवर विंडोज असेल आणि तें राखावयाचें असेल, तर हा बदल एकदम करूं नये. विंडोजला त्याची आधीं तयारी करून द्यावी लागते, नाहींतर तें सुरूच होत नाहीं. त्याहून नव्या कांहीं यंत्रांत व्ही.एम.डी. नांवाचा मध्यस्थ असतो. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्यें आहे, परंतु नव्या यंत्रावर चार वर्षांपूर्वींची आवृत्ति घालूं गेल्यास ती अपुरी पडण्याचा संभव असतो.

डिस्क दिसली, विभागहि दिसले, तरी आंतला मजकूर उघडत नाहीं, असा जो शेवटचा प्रकार, तो महानुभाव पोथ्यांच्या अगदीं जवळचा आहे. प्रत्येक विभागांत मजकूर मांडण्याची एक पद्धति असते. लिनक्सची स्वतःची ई.एक्स.टी.४, विंडोजची एन.टी.एफ.एस., आणि कॅमेऱ्याच्या मोठ्या कार्डांवर एक्स-फॅट. एक्स-फॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टनें कित्येक वर्षें सर्वांसाठीं खुला केला नव्हता. त्यामुळें लिनक्सवाल्यांना तो बाहेरून तर्कानें उलगडावा लागला, आणि साध्या कार्डावरचीं छायाचित्रें पाहण्यासाठीं वेगळी सामग्री घालावी लागे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कंपनीनें तो तपशील प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्यें आला, आणि २०२० मध्यें ५.७ व्या आवृत्तींत त्याची नवी, सुधारलेली जागा घातली गेली. लिपीची किल्ली उघड करण्यानें काय घडतें याचें हें आजच्या काळांतलें उदाहरण. एन.टी.एफ.एस.च्या बाबतींत मात्र एक निराळी खबरदारी हवी. विंडोज 'फास्ट स्टार्टअप'नें बंद झालें असेल तर तें पुरतें बंद झालेलें नसतें. अर्धवट झोंपेंत असतें. अशा विभागावर लिहिणें धोक्याचें असल्यामुळें लिनक्स तो उघडीत नाहीं, किंवा केवळ वाचण्यापुरता उघडतें. विंडोजमध्यें जाऊन ती सोय बंद करावी व यंत्र पूर्ण बंद करावें, हाच त्यावर उपाय.

या सर्व इतिहासावरून शोधाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम बायॉसमध्यें पाहावें. तेथेंच डिस्कचें नांव नसेल तर लिनक्सला दोष देण्यांत अर्थ नाहीं. वीज, तार, खोबण आणि डिस्क स्वतः यांपैकीं कोठेंतरी बिघाड आहे. शक्य असल्यास ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून पाहावी. बायॉसला दिसते पण लिनक्सला दिसत नाहीं, तर नियंत्रणाची पद्धति आणि लिनक्सची आवृत्ति तपासावी. लिनक्सच्या यादींत डिस्क आहे पण विभाग नाहींत, तर ती डिस्क नवी कोरी आहे कीं तिचा नकाशा बिघडला आहे याचा निर्णय करावा, व तो होईपर्यंत 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' या शब्दांना होकार देऊं नये. विभाग आहेत पण उघडत नाहींत, तर लेखनपद्धतीचा प्रश्न आहे. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलावी आणि मग पाहावें. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर डिस्क दिसली तरी ती कशानें दिसली हें कळत नाहीं.

एका प्रसंगीं मात्र हा सर्व शोध थांबवावा. डिस्कमधून ठराविक अंतरानें टक-टक असा आवाज येऊं लागला, किंवा रोजनिशींत वाचनदोषांच्या ओळींवर ओळी दिसूं लागल्या, तर ती डिस्क खरोखरच आजारी आहे. तिला वारंवार चालू-बंद करणें म्हणजे श्वास लागलेल्या माणसाला पळावयास लावणें होय. मजकूर मोलाचा असेल आणि आवाज येत असेल तर यंत्र बंद करून जाणत्याच्या हातीं द्यावें. आवाज नसेल, केवळ कांहीं खंड वाचले जात नसतील, तर 'डी-डी-रेस्क्यू' या साधनानें तिची सबंध प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरून घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावे. जुनी पोथी तपासणारा संशोधकहि आधीं तिची नक्कल उतरतो आणि खुणा करावयाच्या त्या नकलेवर करतो.

या इतिहासांतून निघणारा अर्थ केवळ यंत्रापुरता नाहीं. डिस्क दिसते ती, कोणीं तरी तिची ओळख उघडपणें लिहून ठेवली म्हणून. भारतांतहि सी-डॅकनें लिनक्सच्या आधारावर 'बॉस' ही प्रणाली २००७ सालीं पुढें आणली, आणि तिच्यांत मराठीसह भारतीय भाषांची सोय केली. परंतु यंत्र मराठी अक्षरें दाखवूं लागलें तरी त्याची रोजनिशी अद्यापि इंग्रजींतच असते, आणि ती वाचण्याचा धीर पुष्कळांना होत नाहीं. शाळेंत संगणक शिकविणाऱ्यांनीं तिच्यांतल्या नेहमीं येणाऱ्या वीस-पंचवीस वाक्यांचा अर्थ मराठींत लिहून भिंतीवर लावला, तरी दरवर्षीं कित्येक घरांतला संग्रह पुसला जाण्यापासून वांचेल. तोंपर्यंत निदान एवढा नियम प्रत्येकानें पाळावा: जें राखावयाचें आहे त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आजच करून ठेवावी, आणि डिस्क दिसेनाशी झाली तर ती कोणत्या कडीपाशीं हरवली तें समजल्याशिवाय तिच्यावर एक अक्षरहि लिहूं नये.